गाव पीसीवर आणण्याचा अर्ज

“वीणा, पिटिशन फ्रीज झालंय,” सलील म्हणाला. “आणि क्लायंटला वाटतंय की ते आपण केलंय.”

मी अजून खांद्यावरची बॅगही उतरवली नव्हती. सकाळी चामराजपेटेतून महादेवपुऱ्याला पोचणं हाच एक प्रोजेक्ट असतो. तो डिलिव्हर करून माणूस जरा काफी प्यावी म्हणतो, तर समोर बॉस लॅपटॉप उघडा धरून उभा. सलील मूळचा पुण्याचा. बेंगळुरूत बरीच वर्षं काढली, पण ‘सरी’ म्हणजे बरं आणि ‘स्वल्प’ म्हणजे जरासं, याच्या पुढे त्याचं कन्नड सरकलेलं नाही. घाबरला की तो इंग्रजीत शिरतो. त्या दिवशी इंग्रजी जरा जास्तच होतं.

काय झालं ते सांगण्याआधी आमचा धंदा सांगायला हवा, कारण तो माझ्या आईलाही अजून नीट कळलेला नाही. आम्ही गेम बनवत नाही. दुसऱ्यांनी बनवलेले गेम हलवतो. कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडायचा गेमचा डबा. एका कंपनीचे एका प्रकारचे डबे आतून सारखेच असतात, त्यामुळे त्यांच्या मापाने गेम बेतता येतो. पीसीचं तसं नाही. घरोघरचा पीसी वेगळा, आतले पार्ट वेगळे, स्क्रीन वेगळी. डब्यासाठी बेतलेला गेम या सगळ्यांवर नीट चालेल असा करायचा, याला आम्ही पोर्ट करणं म्हणतो. घर बदलताना जुन्या घरातलं कपाट नव्या घराच्या दारात अडकतं, तशा भानगडी आमच्याकडे रोज चालतात.

तेव्हा आमच्याकडे एका जपानी कंपनीचा गेम होता. करार संपला तरी नाव घ्यायला जीभ उचलत नाही, म्हणून आपण त्याला ‘गाव’ म्हणू. डोंगराच्या पायथ्याशी मोकळी जमीन मिळते. तिथे झोपडी बांधायची, तळं खोदायचं, भाजी लावायची, शेजारी राहायला येतील असं बघायचं. मारामारी नाही, बंदुका नाहीत. पण मिळायचा फक्त कन्सोलवर. त्यामुळे जगभरचे पीसीवाले हळहळत होते.

अशी हळहळ झाली की पिटिशन निघतं. कुणीतरी चाहता नेटवर एक पान उघडतो, ‘अमुक गेम पीसीवर आणा’ असं लिहितो आणि बाकीचे खाली सह्या करतात. सही म्हणजे नाव, ईमेल आणि वाटलं तर दोन ओळींची कमेंट. कंपन्या ही पानं वाचतात. वाचत नाही असं दाखवतात, एवढंच.

‘गाव’चं पिटिशन जोरात होतं. गंमत अशी, की ते लोक जे मागत होते तेच आम्ही आतल्या खोलीत करत बसलो होतो. पण बोलायची सोय नव्हती. गुप्ततेच्या करारावर, म्हणजे एनडीएवर, सह्या झालेल्या. घरीदेखील सांगायचं नाही. शिवाय काम अजून पक्कं नव्हतं. आम्ही नुसता नमुना तयार केला होता. तो बघून क्लायंट ग्रीनलाइट देणार, नाहीतर पोर्टच रद्द करणार. रद्द झाला असता तर टीम मोडली असती, आणि सगळ्यांना दुसरीकडे सामावून घेण्याइतका आमचा स्टुडिओ मोठा नाही. लीड म्हणून माझी ही पहिलीच टीम. त्यातल्या दोघांनी आपसात लग्न ठरवून मारतहळ्ळीत घर भाड्याने घेतलेलं. त्यांना पडदे कुठले घ्यावेत यावर भांडताना ऐकलं की मी डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर जायचे.

क्लायंटकडे मोरिता-सान, म्हणजे आपल्या भाषेत मोरिताबाई, आमची बाजू लावून धरायच्या. त्यांच्या वरिष्ठांचं म्हणणं, ज्याला खेळायचंय तो कन्सोल घेईल, पीसीची उठाठेव कशाला? त्यावर मोरिता-सान पिटिशन दाखवायच्या. तेवढंच त्यांचं हत्यार. आता त्याच पानावर पाटी लागली होती: संशयास्पद सह्या आढळल्या आहेत, तपासणी चालू आहे.

“बघ ना,” सलील म्हणाला. “मोरिता-साननी साइटवाल्यांना विचारलं. सगळ्या बोगस सह्या बेंगळुरूच्या. एकाच कनेक्शनवरून. आणि नावं बघ. राव, राव, बाई, राव, राव, बाई, बाई. अगं, बॉटसुद्धा याहून जास्त क्रिएटिव्ह असतात! आणि कमेंट सेम. वर्ड टू वर्ड.”

बॉट म्हणजे माणसाच्या नावाने आपोआप सह्या ठोकणारे प्रोग्राम. मी कमेंट वाचली. ‘वुई द अंडरसाइन्ड रेसिडेंट्स हंबली रिक्वेस्ट युवर गुडसेल्फ टू सँक्शन पीसी व्हर्जन ॲट दि अर्लिएस्ट अँड ऑब्लाइज.’

हे इंग्रजी मी ओळखत होते. माझे शाळेतले रजेचे सगळे अर्ज याच इंग्रजीत गेले होते.

“सलील, हे बॉट नाहीत,” मी म्हणाले. “हे माझे वडील आहेत.”

“यातले कुठले?”

“सगळे.”

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. बाकीच्यांचे ते व्यंकटराव. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होते, आता निवृत्त आहेत. आमची घराणी तीन-चारशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून इकडे आली आणि इथलीच झाली. आडनावं वाटेत कुठेतरी सांडली. पुरुष सगळे राव, बायका सगळ्या बाई. कुणाला त्याची अडचण वाटत नाही, कारण सगळे सगळ्यांना ओळखतात. जपानमध्ये बसून यादी बघणाऱ्याला मात्र वाटू शकते.

अण्णांना ‘गाव’चं वेड माझ्या भावामुळे लागलं. रघूचा कन्सोल आमच्या हॉलमध्ये होता. तो ऑफिसला गेला की अण्णा दुपारभर गाव वसवायचे. मग रघूची पुण्याला बदली झाली. तो गेला, डबा गेला आणि डब्यात अण्णांचं गाव गेलं. “आमचं गाव पुण्याला गेलं हो,” असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे आणि लोक हसायचे. मीही हसायचे. पण दुपारी ते नुसते खुर्चीत बसून राहायला लागले, तेव्हा मला फार वाईट वाटलं. नवा कन्सोल घेऊन देते म्हटलं तर नको म्हणाले. घरात कॉम्प्युटर असताना दुसरं यंत्र कशाला? कंपनीला सांग, कॉम्प्युटरवर आण म्हणावं. आणि मी, जी दिवसभर तेच करत होते, म्हणायचे, “अण्णा, ते माझ्या हातात नाही.”

त्या संध्याकाळी घरी येऊन मी विचारलं, “अण्णा, नेटवरच्या पिटिशनवर सह्या तुम्ही केल्या?”

“मी एक केली,” अण्णा म्हणाले. “बाकीच्या करवून घेतल्या. रघूनं फोनवर सांगितलं, असा अर्ज चालू आहे म्हणून. बघितला. अगदीच पोरकट. कुणी रडतंय, कुणी शिव्या देतंय. अर्ज असा असतो काय ग?”

अर्ज कसा असतो ते अण्णांना ठाऊक होतं. आमच्या गल्लीत पाण्याची लाइन त्यांच्या अर्जाने आली. बसस्टॉपवरचं छप्पर त्यांच्या अर्जाने आलं. पद्धत ठरलेली. मजकूर एकट्याने लिहायचा, सह्या सगळ्यांनी करायच्या. कुणी आपल्या मनाचं काही घालायचं नाही. एकाने पाणी मागितलं आणि दुसऱ्याने त्याच कागदावर कुत्र्यांची तक्रार केली, की साहेब दोन्ही करत नाही.

“पण एकाच कॉम्प्युटरवरून?”

“मग काय करणार? त्यांच्याकडे ईमेल कुठे होते? मीच काढून दिले. एकेक जण आला, काफी प्याला, सही करून गेला.” मग त्यांचे डोळे चमकले. “पण तुला कसं कळलं? तुमच्या लाइनीत बातमी आली? म्हणजे वर पोचला अर्ज!”

पोचला होता. कुठे आणि कसा, ते मला सांगता येत नव्हतं. मी आत जाऊन जेवायला बसले आणि आईने विचारलं की पोळी का टाकलीस.

दुसऱ्या दिवशी सलीलने युक्ती काढली. “सिंपल. आपण म्हणू, आमचा काही संबंध नाही.”

“मी त्याच घरात राहते, सलील.”

“ते त्यांना कुठे माहितीये?”

“ऑफिसच्या कागदांवर माझंही आडनाव राव आहे. त्यांच्याकडे माझी शंभर मेल आहेत.”

सलीलने डोकं धरलं. मग आम्ही दोघांनी कॉल लावला आणि मी मोरिता-सानना जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. गाव पुण्याला गेलं तिथपासून. पलीकडून फक्त कीबोर्डचा खडखडाट येत होता. सलीलने मला चॅटवर लिहिलं: संपलं.

“ही माणसं खरी आहेत?” मोरिता-साननी विचारलं.

“खरी आहेत.”

“मी नमुन्याच्या रिव्ह्यूला येणारच आहे. मला त्यांना भेटायचं आहे. पोर्टबद्दल एक शब्द बोलायचा नाही. मी गेमच्या कंपनीतली आहे, एवढंच सांगा.”

हे ऐकून माझी भीती कमी झाली नाही, उलट वाढली. कारण अण्णांना मी एवढंच सांगितलं की तुमच्या अर्जाबद्दल कंपनीच्या एक बाई भेटायला येणार आहेत. अण्णांच्या हिशेबात याला एकच नाव होतं: साइट इन्स्पेक्शन. रविवारी आमच्या मंडळींच्या छोट्या हॉलमध्ये पोचलो तर दारात रांगोळी, आत स्टेज, स्टेजवर खुर्च्या, शाल, नारळ, हार. सही करणारे झाडून सगळे हजर. बायका ठेवणीतल्या साड्यांत. मोरिता-सान दारात उभ्या राहून मला हळूच म्हणाल्या, “कुणाचं लग्न आहे का?”

“बसा हो, बसा,” अण्णा सलीलला म्हणाले. “पुण्याचे ना तुम्ही? आमचं गाव तिकडेच आहे.”

सत्कार झाला. अण्णांनी अर्ज उभं राहून वाचून दाखवला. मग मोरिता-साननी साधा प्रश्न विचारला. इथे हा गेम कोण कोण खेळलं आहे?

अण्णांनी हात वर केला. शेजारच्या गुंडूरावांनी अर्धा वर केला, कारण ते मागे बसून बघायचे. बाकी सगळे हात खालीच.

पुढच्या रांगेत सुभद्राबाई होत्या. आमच्या गल्लीतल्या सगळ्यांत थोरल्या. त्यांना वाटलं, पाहुण्या बाईला उत्तर न देणं बरं नव्हे. त्या म्हणाल्या, “मी नाही खेळले बाई. कसला खेळ तेही ठाऊक नाही. व्यंकटराव म्हणाले सही करा, केली. पाण्याला केली होती, पाणी आलं. म्हटलं हेही येऊ दे.”

मोरिता-साननी माझ्याकडे बघितलं. भाषांतर मी करत होते. सलीलने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. त्या क्षणी मला काहीही सांगता आलं असतं. पण सुभद्राबाई माझ्याकडे इतक्या विश्वासाने बघत होत्या की मी शब्द न शब्द सांगून टाकला, पाण्यासकट. सलीलने डोळे मिटले.

मोरिता-साननी तोंडावर हात ठेवला. हसू होतं की काय ते मला कळलं नाही. मग त्या अण्णांकडे वळल्या. “तुम्हाला गेम आवडतो. मग कन्सोल का नाही घेत?”

हाच तो प्रश्न. त्यांचे वरिष्ठ त्यांना हाच विचारायचे. पिटिशनवरचे चाहते यावर ग्राफिक्स सांगतात, स्पीड सांगतात, मोठमोठे आकडे सांगतात. अण्णांनी माईक नीट धरला आणि मराठीतच सांगितलं, “कन्सोलला टीव्ही लागतो. टीव्ही हिचा आहे.”

आई दुसऱ्या रांगेतून उठली. “माझा म्हणजे? दिवसभर तुम्ही तळी खोदायची आणि मी भिंत बघत बसायची काय?”

“मी कुठे म्हणतो? टीव्ही तुझाच. म्हणून तर कॉम्प्युटरवर मागतो.”

“कन्सोल होता तेव्हा माझी सीरियल किती बुडाली, ते सांगा पाहुण्यांना!”

मग हॉल सुटला. गुंडूराव म्हणाले, आमच्याकडे टीव्ही सुनेचा. मागून कुणी म्हणालं, आमच्याकडे क्रिकेट असलं की नातवाचा, नसलं की बायकोचा. एक बाई म्हणाल्या, आमचा टीव्ही माझा आहे आणि तो मी कुणाला देणार नाही. मराठी, कन्नड, इंग्रजी सगळं एकदम चाललेलं. मला भाषांतर जमेना. मोरिता-सान मात्र खुर्ची पुढे ओढून प्रत्येकाला विचारायला लागल्या: टीव्ही कुणाचा? आणि कॉम्प्युटर?

कॉम्प्युटर प्रत्येक घरात निघाला. मुलांनी घेतलेला. मुलं अमेरिकेला, हैदराबादला, निदान व्हाइटफील्डला निघून गेलेली आणि कॉम्प्युटर मागे राहिलेला. प्रत्येक घरी त्याच्यावर क्रोशाचं आच्छादन. अधूनमधून फोटो बघायला आणि विजेचं बिल भरायला उघडायचा, मग परत झाकायचा.

“ते तुम्ही वापरत का नाही?” मोरिता-साननी विचारलं.

“काय करू त्यावर?” सुभद्राबाई म्हणाल्या. “मुलाचा आहे. स्वच्छ ठेवते.”

हे भाषांतर मी फार सावकाश केलं. त्यांचा मुलगा कधीपासून आलेला नाही ते मला ठाऊक होतं. मोरिता-साननी ते वहीत लिहून घेतलं. जाताना त्यांनी शाल नीट घडी करून बॅगेत ठेवली आणि नारळ विमानात चालेल का ते विचारलं.

रिव्ह्यू झाला, त्या परत गेल्या. साइटवाल्यांनी तपासणी संपवून राव आणि बाई सगळे काढून टाकले. एकूण एक. अण्णांचा अर्ज अधिकृतरीत्या शून्य झाला. नंतरच्या आठवड्यात मी मेल उघडायची आणि मिटायची, एवढंच काम केलं असेल. टीममधल्या त्या दोघांनी पडदे अखेर निळे ठरवले होते आणि मला दाखवायला आणले होते.

मेल आली तेव्हा सलीलच मोठ्याने वाचत होता. ग्रीनलाइट. टीममध्ये आरडाओरडा झाला. “थांबा, स्वल्प थांबा,” सलील म्हणाला, “कंडिशन आहे.” त्याचा चेहरा उतरत गेला. गेम जुन्या, कमी ताकदीच्या पीसीवर अडखळता कामा नये. अक्षरं मोठी करता आली पाहिजेत. आणि खाली मोरिता-सानची ओळ: ज्या घरात टीव्ही दुसऱ्याचा आहे आणि कॉम्प्युटर झाकलेला आहे, त्या घरासाठी हा पोर्ट करा. त्यांच्या वरिष्ठांना हे पटलं होतं. ज्याला कन्सोल विकताच येत नाही अशा गिऱ्हाइकाला पीसीवर गेम विकला तर कन्सोलचं नुकसान होत नाही, हा हिशेब त्यांना पिटिशनमध्ये कधी दिसला नव्हता.

टीम टिकली. पण तिने मला पुढे कित्येक महिने माफ केलं नाही. नवीन पीसीवर गेम चालवणं सोपं असतं. आम्हाला एसपी रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाऊन जुनी मशिनं शोधून आणावी लागली. दुकानदाराला वाटलं आम्ही भंगारवाले आहोत. तळ्यात पाणी भरलं की मशिन बंद पडायचं. मग पाण्याच्या लाटा कमी करा, परत चालवा, परत बंद. पडदेवाल्यांपैकी नवऱ्या मुलाने वैतागून विचारलं, “वीणा, एक्झॅक्टली कुणासाठी करतोय आपण हे?” मी म्हटलं, सुभद्राबाईंसाठी. त्याला वाटलं हे कुठल्यातरी सर्व्हरचं नाव आहे.

गेम बाहेर आला त्या दिवशी मी लवकर घरी गेले आणि अण्णांच्या कॉम्प्युटरवर तो स्वतः टाकला. आच्छादन घडी करून बाजूला ठेवलं. अण्णा धोतर नीट करून खुर्चीत बसले. डोंगर आला, आणि खाली मोकळी जमीन. झोपडी नाही, तळं नाही. अण्णा स्क्रीनकडे बघत राहिले.

“अण्णा, जुनं गाव इकडे येत नाही,” मी म्हणाले. “डब्यातलं डब्यातच राहतं. आम्ही खूप प्रयत्न केला, नाही जमलं.” हे वाक्य मी बसमध्ये पाठ करत आले होते, तरी म्हणताना मला रडू यायचंच बाकी होतं.

अण्णांनी माउस फिरवून सगळी जमीन बघून घेतली. मग म्हणाले, “बरं झालं. तिकडे तळं चुकीच्या जागी खोदलं होतं. पाणी देवळात शिरायचं.” आणि त्यांनी कुदळ उचलली. पहिला खड्डा खणून झाल्यावर त्यांनी विचारलं, “आम्ही म्हणजे कोण ग?”

आता सांगायला हरकत नव्हती. मी सगळं सांगितलं. की हे काम आमच्याच ऑफिसात झालं. की त्यांनी अर्ज करायच्या आधीच ते सुरू होतं. की त्यांच्या अर्जाने ते जवळजवळ बंद पडलं होतं. अण्णा खणता खणता शांतपणे ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

“वीणा, उभ्या जन्मात मी अर्ज देत आलो. अर्जाच्या आधी काम सुरू केलेलं ऑफिस मी एकही बघितलं नाही. उगीच बापाचं श्रेय घेऊ नकोस.”

पुढच्या रविवारी त्याच हॉलमध्ये अण्णांचा सत्कार झाला. अर्जावर सही केलेल्या प्रत्येकाच्या घरी गेम टाकून द्यायची जबाबदारी त्यांनी स्टेजवरून माझ्यावर सोपवली, कारण लाइन मंजूर झाली की कनेक्शन सगळ्यांना मिळायला हवं. मी टाळ्या वाजवल्या, मनापासून वाजवल्या. पोर्ट करतो त्याचं नाव गेमच्या शेवटी बारीक अक्षरात येतं आणि ते कुणी वाचत नाही. गेम आणला कुणी, ते गल्ली ठरवते. या धंद्यात नव्या येणाऱ्याने हे पहिल्या दिवशीच समजून घ्यावं आणि रविवार मोकळा ठेवावा. सध्या माझा रविवार सुभद्राबाईंकडे जातो. त्यांचं भोपळ्यांचं शेत अण्णांच्या शेतापेक्षा मोठं झालं आहे, आणि मुलाचा कॉम्प्युटर त्या आता झाकत नाहीत.